संडासाची कडी उघडण्याआधी हात धुवावेत की उघडल्यानंतर?

जुनामहालकर

नमस्कार. विषय संकोचाचा आहे, परंतु विचारायला दुसरी जागा नाही म्हणून येथे मांडतो.

आमचे घर नागपूरच्या महाल भागात आहे आणि ते जुने आहे. संडास मागच्या अंगणात विहिरीच्या कडेला आहे, तर हात धुण्याचे बेसिन स्वयंपाकघराला लागून असलेल्या व्हरांड्यात, जागा मिळाली तिथे, पुढे कधीतरी बसवलेले आहे. या दोहोंमध्ये १८ पावलांचे अंतर आहे. ती मी काल मोजली. त्याचे कारण असे की माझा ५ वर्षांचा नातू गेला महिनाभर रात्री झोपेत खाजवत होता, आणि डॉक्टरांनी बारीक जंत असल्याचे निदान केले. त्यांनी औषध केवळ नातवाला न देता घरातल्या सर्वांना दिले, दोन आठवड्यांनी पुन्हा एक मात्रा घ्यायला सांगितले आणि चिठ्ठी हातात देताना सहज विचारल्यासारखे विचारले, "तुमच्याकडे साबण कुठे असतो?"

साबण बेसिनवर असतो. म्हणजे डाव्या हाताने शुद्धी केल्यावर आम्ही त्याच हाताने मग ठेवतो, नळ बंद करतो, कपडे सावरतो, कडी उघडतो, दिव्याचे बटण दाबतो, १८ पावले चालतो, बेसिनचा नळ सोडतो आणि मग साबणाला हात लावतो. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की आत पाण्याने हात धुतलेले असतातच, बाहेरचा साबण ही दुसरी धुणी आहे. माझे म्हणणे असे की साबण आतच हवा. आपणा सर्वांकडे काय पद्धत आहे?

तर्रीदार

आमच्याकडे संडासात कडीच नाही. आत असणाऱ्याने गाणे म्हणत राहावे, असा घरचा नियम आहे. त्यामुळे आपल्या प्रश्नातील निम्मा भाग आमच्यापुरता निकालात निघाला.

परिचारिका_७२

काका, तुमच्या डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला. मी ३१ वर्षे वॉर्डात काम केले आहे. या जंताची मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते, त्यामुळे तिथे खाज सुटते, मूल झोपेत खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी तेच बोट तोंडात जाते. अंगावरच्या कपड्यांवर आणि अंथरुणावर ही अंडी दोन ते तीन आठवडे टिकू शकतात. औषधाने पोटातले जंत मरतात, परंतु अंड्यांवर त्याचा भरवसा नसतो, म्हणून दुसरी मात्रा द्यावी लागते. तोवर नातवाची नखे अगदी कमी ठेवा, सकाळी उठल्याबरोबर त्याला आंघोळ घाला, चड्डी रोज बदला आणि चादरी गरम पाण्यात धुवा. चादर पलंगावरच झटकू नका, ती हलकेच गुंडाळून उचला.

कडीबद्दल सांगायचे तर मी तुमच्या बाजूची आहे. पाण्याने धुतलेला हात दिसायला स्वच्छ असतो, एवढेच.

शंकासूर

"दिसायला स्वच्छ, एवढेच" हे विधान मला जरा घाईचे वाटते. आपले आजोबा-पणजोबा नदीकाठी बहिर्दिशेला जाऊन मातीने हात घासून येत असत आणि ऐंशी-ऐंशी वर्षे जगत असत. साबण कंपन्यांनी आपल्याला भ्यायला शिकवले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉ_अनामिक

शंकासूर, जे आजोबा ऐंशी वर्षे जगले त्यांचीच गोष्ट आपल्यापर्यंत पोचते. त्यांची जी भावंडे हगवणीने तिसऱ्या वर्षी गेली, त्यांचे फोटोसुद्धा कुणाच्या भिंतीवर नसतात.

साबण आणि पाणी यांतील फरक मोजला गेलेला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, लंडनमधील संशोधकांच्या एका प्रयोगात २० स्वयंसेवकांना सार्वजनिक ठिकाणच्या दाराच्या मुठी, कठडे वगैरे हाताळायला लावून नंतर त्यांच्या हातांचे नमुने घेतले. हात न धुतलेल्यांच्या नमुन्यांत ४४ टक्के वेळा विष्ठेशी संबंध सांगता येईल असे जिवाणू सापडले, नुसत्या पाण्याने धुतल्यावर २३ टक्के आणि साधा साबण लावून धुतल्यावर ८ टक्के. तो साबण जंतुनाशक वगैरे नव्हता, हेही लक्षात घ्यावे. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलकट पदार्थाला, त्यामुळे त्वचेला चिकटलेला ओशट थर सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून जंतू मेला की नाही याची चिंता करण्यापेक्षा तो हातावरून निघून गेला की नाही, हे पाहावे. महागड्या जंतुनाशक साबणांबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ घटक अशा घरगुती साबणांतून काढून टाकायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा ते अधिक चांगले असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नाही. म्हणजे कंपन्यांवरील आपला राग अगदीच निराधार नाही, फक्त तो साध्या वडीवर काढू नये.

मातीचे म्हणाल तर घासण्याने काही मळ निघतो हे खरे आहे, परंतु अंगणातल्या मातीतच इतर जंतांची अंडी असू शकतात. त्या मानाने चुलीची ताजी राख बरी.

सेवाग्रामचा_शेजारी

माती हात धुण्यासाठी नव्हे, मैला झाकण्यासाठी चांगली. गांधीजी १९३६ साली आमच्या शेजारी सेवाग्रामला राहायला आले, तेव्हापासून आश्रमातली माणसे संडास स्वतः साफ करत आणि मैल्यावर माती टाकून त्याचे खत करत, त्याला सोनखत म्हणत. माझे वडील लहानपणी ते पाहून आले आणि आमच्या शेतातही त्यांनी चराचा संडास केला. उघड्यावर बसायचे असले तरी माती लोटल्याशिवाय उठायचे नाही, असा त्यांचा दंडक होता, कारण माशी विष्ठेवरून उठते ती थेट भाकरीवर येऊन बसते. आमच्या विदर्भात गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन जे सांगितले तेही हेच.

शंकासूर यांनी ज्या नदीकाठाचा उल्लेख केला, त्या नदीचे पाणी खालच्या गावातले लोक पीत असत, हे मात्र त्यांनी लिहिले नाही.

नळकारागीर

मी प्लंबिंगची कामे घेतो. मानेवाड्यापासून हिंगण्यापर्यंत हजारएक संडास तरी बसवले असतील. काकांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते घरमालकाने टाइल्स निवडताना द्यायचे असते, परंतु तेव्हा कुणालाही ते सुचत नाही. लोक भांडे कोणत्या रंगाचे हवे यावर दोन दिवस वाद घालतात आणि साबणदाणी कुठे बसवायची हे विचारले की "नंतर पाहू" म्हणतात.

आत छोटे बेसिन बसवायला जागा नसेल तर काळजी करू नये. बसल्या जागेवरून उजव्या हाताला, जमिनीपासून साधारण दोन फुटांवर एक साधा नळ आणि त्याच्या वर, तळाला भोके असलेली साबणदाणी लावावी. भोके नसली तर वडी पाण्यात बसून तिचा चिखल होतो आणि मग कुणी तिला हात लावत नाही. नळ गोल फिरवायचा नसावा, लांब दांडीचा घ्यावा, म्हणजे कोपराने किंवा मनगटाने बंद करता येतो. खर्च फार नाही.

जेट स्प्रेविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो. वापर झाला की भिंतीवरचा अँगल कॉक बंद करावा. दाब सतत राहिल्याने नळी फुटते हे एक, आणि दुसरे असे की स्प्रेचे तोंड बादलीत बुडालेले राहिले व वरून पाणी गेले, तर बादलीतले पाणी उलट पाइपात ओढले जाऊ शकते. त्याच पाइपावर बेसिनचाही नळ असतो.

पुण्यातला_नागपूरकर

जेट स्प्रेचा विषय निघालाच आहे तर नागपुरी उन्हाळ्यातील त्याच्या वापराविषयी कुणीतरी स्वतंत्र धागा काढायला हवा. गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी, मे महिन्याचे दुपारचे अडीच, बाहेर ४५ अंश, आणि आत बसलेला निरागस मनुष्य. मागील वर्षी सुट्टीत आलो असता सासऱ्यांनी "जावईबापू, बादलीतलेच पाणी घ्या" असे दाराबाहेरून दोनदा सांगितले. पुण्याच्या सवयीने मी ते मनावर घेतले नाही. त्यानंतरचा चहा मी उभ्यानेच घेतला.

गोकुळपेठवासी

हसू आले, परंतु यात खरोखर अडचण आहे. उन्हाळ्यात नळाचे पाणी इतके तापलेले असते की मुले हात धुताना बोटांची टोके भिजवून पळ काढतात. आम्ही पहाटे भरलेली एक झाकणाची बादली आणि एक गडवा संडासात निराळा ठेवतो, आणि दुसरी लहान बादली हात धुण्यासाठी. दोन्हींत एकच मग फिरवला तर सगळेच व्यर्थ जाते, म्हणून हाताच्या बादलीचा मग लाल आहे. पाहुण्यांना हे समजावून सांगावे लागते.

दुसरे म्हणजे येथे आतापर्यंत सगळी चर्चा हातांची झाली. स्त्रियांसाठी पाणी कोणत्या दिशेने घ्यायचे हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो आईने मुलीला सांगायचा राहून जातो. मला लग्नानंतरच्या दोन वर्षांत तीन वेळा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. प्रत्येक वेळी औषध मिळाले, परंतु तिसऱ्या वेळी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी शुद्धी कशी करता हे विचारले आणि पुढून मागे, कायम पुढून मागे, असे हाताने हवेत करून दाखवले. स्त्रियांची मूत्रनलिका साधारण ४ सेंटिमीटर, म्हणजे फारच आखूड असते आणि मागचे जिवाणू पुढे यायला वेळ लागत नाही. वयाच्या २७ व्या वर्षी ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली. माझी मुलगी चौथीत आहे, तिला ती पाठ आहे.

डॉ_अनामिक

ताईंनी लिहिले ते तंतोतंत बरोबर आहे. मूत्रमार्गाचे बहुतेक संसर्ग ई. कोलाय या आतड्यातल्याच जिवाणूमुळे होतात. जेट वापरतानाही तोच नियम लागू होतो, धार मागून पुढे येता कामा नये आणि ती जोराची असू नये.

याच्या उलट टोकाची माणसेही माझ्याकडे येतात. रोज तिथे साबण, वरून जंतुनाशक द्रव, आणि मग खडबडीत कापडाने घासणे. त्या नाजूक त्वचेचे तेल निघून गेले की ती कोरडी पडते, भेगाळते, खाज सुटते, आणि खाज म्हणजे अस्वच्छता समजून रुग्ण आणखी घासतो. गुदभागाला साधे कोमट पाणी पुरते. मात्र नंतर मऊ कापडाने टिपून कोरडे करावे. उन्हाळ्याच्या घामात ओल तशीच राहिली की जांघेत नायटा पसरतो. साबण हातासाठी आहे, हे दोन्ही बाजूंच्या लोकांनी ध्यानात ठेवावे.

शंकासूर

मुद्दा मान्य. परंतु सॅनिटायझर आहे ना? खिशात बाटली ठेवावी, कडीआधी-कडीनंतर हा वादच उरत नाही.

परिचारिका_७२

उरतो. किमान ६० टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर वरवर स्वच्छ दिसणाऱ्या हातांसाठी उपयोगी आहे. हात मळलेला किंवा ओशट असेल तर ते नीट काम करत नाही. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर त्याचा प्रभाव कमी पडतो आणि काकांच्या नातवाच्या जंतांच्या अंड्यांवर तर पडतच नाही. प्रवासात काहीच नसण्यापेक्षा ते बरे.

धुण्याची रीतही सांगते, कारण मोठी माणसे यातच चुकतात. तळवे सगळेच चोळतात. राहतात ते अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखांची टोके. नखे दुसऱ्या हाताच्या तळव्यावर गोल घासावीत. एकूण २० सेकंद तरी चोळावे. आणि हात पुसायला संडासाच्या दारामागे तीन दिवस लोंबकळणारा सामायिक टॉवेल वापरू नये.

मायलेक

एक नाजूक प्रश्न आहे. माझ्या सासूबाई फार प्रेमळ आहेत, परंतु आमच्या ८ महिन्यांच्या बाळाची शी धुतल्यावर त्या हात नुसते पाण्याखाली धरतात आणि तशाच कणीक मळायला बसतात. बाळाच्या शीला काही नसते, ते तर दूधच पिते, असे त्यांचे म्हणणे आहे. लंगोट त्या न्हाणीत धुतात, आणि तेथेच आम्ही भांडी विसळतो. मी काही बोलले तर "आमची चार वाढली" हे उत्तर ठरलेले आहे.

परिचारिका_७२

बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. त्यातही रोगजंतू असतात. शी संडासातच टाकावी, लंगोट निराळ्या बादलीत धुवावा, आणि नंतर साबण हवाच. सासूबाईंना तुम्ही सांगू नका. लसीकरणाला जाल तेव्हा त्यांना सोबत न्या आणि तिथल्या सिस्टरला आधी कानात सांगून ठेवा. पांढऱ्या कपड्यातील बाईने सांगितलेले त्या ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

सेवाग्रामचा_शेजारी

कणकेवरून आठवले. अवांतर वाटेल, पण नाही. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. तिला स्वतःला टायफॉइडची काहीही लक्षणे नव्हती, मात्र ती ज्या ज्या घरी स्वयंपाकाला राही तिथे लोक तापाने पडत. १९०७ साली तिला शोधून काढले. आपण धडधाकट असताना आपल्यापासून रोग पसरतो, हे तिला अखेरपर्यंत पटले नाही. १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर तिला सोडले, तर १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सापडली. त्यानंतर १९३८ साली मृत्यू होईपर्यंत तिला अलग ठेवले गेले. तिच्यावर अन्याय झाला असेही अनेकांना वाटते आणि मलाही थोडेसे वाटते, कारण तशी माणसे आणखीही होती. मायलेक यांच्या सासूबाईंना ही गोष्ट सांगू नये, अशी विनंती.

तर्रीदार

सकाळी तर्री पोहे खाण्यापूर्वी हा धागा उघडला, ही माझी चूक झाली. आता ठेल्यावाल्याच्या हातांकडे पाहत उभा आहे. त्याच्याकडे साबण आहे. तो बादलीच्या कडेला जाळीत बांधून टांगला आहे, आणि त्याने मघाशी तो वापरलासुद्धा. माझ्या कार्यालयातील प्रसाधनगृहात साबणाची पेटी भिंतीवर आहे, परंतु गेले सहा महिने ती रिकामी आहे.

नळकारागीर

जाळीत बांधून टांगणे ही सर्वांत स्वस्त आणि उत्तम युक्ती आहे. संत्र्यांच्या पिशवीची जाळी त्याला चालते आणि आपल्या गावात तिला तोटा नाही. वडी कोरडी राहते, घसरत नाही आणि कुणी उचलून नेत नाही.

गोकुळपेठवासी

मुलीच्या शाळेत हीच तक्रार आहे. मुलींच्या संडासाला नळ आहे पण साबण नाही, आणि एका दाराची कडी तुटलेली आहे. त्यामुळे मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी दुपारपर्यंत धरून ठेवतात. नागपूरच्या उन्हात हे किती वाईट आहे ते येथे सांगायला नको. पालकसभेत मी हा विषय काढला, तर दोन गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. शेवटी आम्ही सहा आयांनी वर्गणी काढून कडी बसवून घेतली आणि जाळ्यांतून साबण टांगले. आठवड्यातून एक वडी संपते.

जुनामहालकर

सर्वांचे आभार. धागा आठवडाभर वाचत होतो. मधल्या काळात मी घरी एक प्रयोग केला, त्याची हकीकत लिहितो.

रविवारी सकाळी मी खोबरेल तेलात हळद कालवली आणि ती नातवाच्या डाव्या हाताच्या बोटांना लावली. मग त्याला सांगितले की संडासात जाऊन खोटे खोटे सर्व कर, नेहमीसारखे पाण्याने हात धू आणि बेसिनपर्यंत ये. त्याला हा खेळ फार आवडला. तो परतल्यावर आम्ही उभयता भिंग घेऊन मागोमाग फिरलो. मगाच्या कानावर पिवळे, नळावर पिवळे, चड्डीच्या नाडीवर पिवळे, कडीवर दोन बोटे, दाराच्या कडेवर त्याच्या उंचीला एक पंजा, बेसिनच्या नळावर आणि साबणाच्या वडीवर. याखेरीज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या माठाच्या झाकणावर एक स्पष्ट अंगठा होता, कारण वाटेत त्याला तहान लागली होती. पाण्याने धुतलेला हात तोवर पिवळाच होता. साबणाने दोनदा चोळल्यावर तो निघाला, नखांच्या कडा मात्र तिसऱ्यांदा.

सौभाग्यवती माठाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर त्यांनी माठ रिकामा केला, चिंचेने घासला आणि नळकारागीर यांचा दूरध्वनी क्रमांक मिळेल का, असे मला विचारले.

शंकासूर

अंगठा माठावर होता हे वाचून मी आमच्या घरचा माठ पाहून आलो. बाकी काही लिहीत नाही.

नळकारागीर

काका, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. गुरुवारी येतो.

जुनामहालकर

नळ आणि साबणदाणी बसली. कडीच्या आत. परंतु एक नवीन अडचण उपस्थित झाली आहे. अंगणातील संडास असल्याने पहिली वडी पहिल्याच रात्री उंदराने पळवली आणि दुसरीवर दातांच्या खुणा आढळल्या. सौभाग्यवतींनी द्रवरूप साबणाची दाबायची बाटली आणून ठेवली. तिला उंदीर स्पर्श करत नाही, परंतु नातवाला ती दाबण्याचा छंद लागला असून तो दिवसातून सात-आठ वेळा, काम असो वा नसो, संडासात जाऊन हात धुऊन येतो. बाटली पाच दिवसांत संपली. बाटलीच्या नळीला रबर गुंडाळले की एका दाबात कमी साबण येतो असे कुणीतरी सांगितले. कुणी करून पाहिले आहे का?

गोकुळपेठवासी

केले आहे. रबर दाबणीच्या मानेभोवती चार वेढे घालून बसवा, म्हणजे ती अर्धीच खाली जाते. सातवा वेढा घालू नका, मग ती दबतच नाही.